जुनी चेनसॉ: आधी रबर बघा, मग स्क्रूला हात लावा

प्रश्न थोडक्यात असा: वीस-पंचवीस वर्षांची, साठ सीसीच्या आसपासची, एके काळी व्यावसायिक कामावर असलेली चेनसॉ हाती आली आहे. थंड असताना तीन-चार ओढींत सुरू होते. दहा मिनिटं चालली की कधी आयडलला (ट्रिगर न दाबता मंद चालताना) बंद पडते, कधी ट्रिगर सोडल्यावरही रेस खाली येत नाही. कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून सेटिंग केलं तर दुसऱ्या दिवशी ते बिघडलेलं असतं. ठेवावी की भंगारात द्यावी?

बहुधा ठेवावी. पण ते ठरेपर्यंत स्क्रू आहेत तिथेच राहू द्या आणि मशीन कामाला लावू नका.

त्या काळातल्या व्यावसायिक मशीनचं क्रँककेस मॅग्नेशियमचं, सिलिंडरला आतून क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर, क्रँकशाफ्ट पोलादी. हा सांगाडा सहजी मरत नाही. म्हातारं होतं ते रबर: कार्ब आणि सिलिंडरमधला इनटेक बूट, क्रँकचे दोन ऑइल सील, पेट्रोलची नळी, इम्पल्सची नळी (क्रँककेसमधले दाबाचे धक्के कार्बपर्यंत नेणारी), कार्बचे डायफ्रॅम (पातळ पडदे), हँडलचे व्हायब्रेशन माउंट. तुम्ही सांगितलेली लक्षणं, म्हणजे गरम झाल्यावर बदलणारं आयडल आणि खाली न येणारी रेस, ही कुठून तरी चोरटी हवा आत जात असल्याची आहेत. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे जादा हवा शिरून मिश्रण लीन झालं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडलं, की उष्णता वाढते आणि त्याच वेळी वंगणही कमी पडतं. अशा वेळी स्क्रू उघडून पेट्रोल वाढवलं तर लक्षण झाकलं जातं, भोक मोठं होत राहतं, आणि एक दिवस फुल थ्रॉटलवर पिस्टन धरतो. पुष्कळशा जुन्या मशीन अशाच गेलेल्या आहेत.

म्हणून पहिलं काम सायलेन्सर काढण्याचं. मशीन पूर्ण थंड, प्लगची टोपी काढलेली. दोन-तीन बोल्ट सुटले की एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन आणि रिंग दिसतात. टॉर्च धरून स्टार्टरची दोरी हळूहळू ओढा आणि पिस्टन वर-खाली जाताना नीट बघा. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या आडव्या बारीक रेषा अजून दिसत असतील तर मशीन फारशी झिजलेली नाही. रिंग पोर्टसमोर आणून लाकडी काडीने हलकेच दाबा, ती आत जाऊन परत उसळली पाहिजे. दबत नसेल तर काजळीने खाचेत अडकली आहे. एक्झॉस्टच्या बाजूला उभे, खोल चरे दिसले तर मशीन लीन चालली आहे किंवा कोणीतरी ऑइल न घालता पेट्रोल भरलं आहे. कार्ब आणि बूट काढून इनटेकच्या बाजूनेही बघा. तिथे करडी, निस्तेज, घासटलेली पट्टी असेल तर फाटक्या किंवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरमधून बारीक धूळ आत गेली आहे.

चरे दिसले म्हणजे सिलिंडर संपला असं नाही. अनेकदा मऊ अॅल्युमिनियमच्या पिस्टनचा धातू सिलिंडरच्या कठीण थरावर चिकटलेला असतो. तो काढता येतो आणि नवा पिस्टन-रिंग घालून काम भागतं. नखाला खड्डा लागला किंवा थर पापुद्र्यासारखा उडून खालचा धातू दिसत असला, तर मात्र सिलिंडर बदलावाच लागतो.

आता कॉम्प्रेशन. गेज प्लगच्या आट्यात बसवा, ट्रिगर पूर्ण दाबा, चोक उघडा, डीकॉम्प्रेशन बटण (सुरू करताना सिलिंडरमधला दाब कमी करणारं) असेल तर ते बंद, आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत ओढा. पाच-सहा ओढी पुरतात. १५० पीएसआय किंवा जास्त आलं तर उत्तम. १२० ते १५० मध्ये मशीन काम करते. ११० च्या खाली गरम मशीन सुरू करताना हात दुखतात, आणि ९० च्या आसपास ती सुरूच होत नाही. इथे दोनदा फसायला होतं. गाडीच्या गेजमध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह नळीच्या दुसऱ्या टोकाला असतो. नळीतली जागा सिलिंडरच्या जागेत मिळते आणि एवढ्या छोट्या इंजिनाचा आकडा खोटा कमी येतो, म्हणून व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाशी असलेलं गेज वापरा. उलट, विकणाऱ्याने सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलेलं असेल तर झिजलेली मशीनही छान आकडा दाखवते. प्लग ओलसर आणि तेलकट निघाला तर तो सुकवून, मशीन थोडी चालवून परत मोजा. गेज नसेल तर स्विच बंद करून मशीन स्टार्टरच्या मुठीला लटकवा. चांगली मशीन टप्प्याटप्प्याने, थबकत खाली येते. सरळ घसरत आली तर दम गेला आहे.

पिस्टन ठीक, कॉम्प्रेशन ठीक, तर मग गळती. हवेचा हातपंप आणि व्हॅक्युम पंप लागतो, दोन्ही एकाच हत्यारात मिळतात. सायलेन्सरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून बोल्ट आवळा, कार्ब काढून बुटाचं तोंड बंद करा, आणि इम्पल्सच्या नळीतून दाब द्या. प्लगच्या भोकातून देणार असाल तर पिस्टन खाली आणा, म्हणजे हवा ट्रान्सफर पोर्टमधून क्रँककेसपर्यंत पोचेल. ०.५ बार म्हणजे साधारण ७ पीएसआय दाब अर्धा मिनिट हलता कामा नये. मग तेवढंच व्हॅक्युम. ही दुसरी चाचणी टाळू नका: दाबाने सीलचा ओठ शाफ्टवर आवळला जातो, त्यामुळे कडक झालेलं सील दाबाला टिकतं आणि व्हॅक्युमला गळतं. चाचणी चालू असताना फ्लायव्हील हाताने थोडं-थोडं फिरवा, काही सील एका ठराविक जागीच सोडतात. दाब उतरत असेल तर बूट, सिलिंडरच्या तळाचं गॅस्केट, दोन्ही सील आणि प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी लावा. बुडबुडा जागा दाखवतो. चालू गरम मशीनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. शेजारी तापलेला सायलेन्सर असतो, त्यामुळे ती करू नका.

बूट नेहमी दुमडून बघा. बाहेरून धडधाकट दिसणारा बूट वाकवला की घडीच्या तळाशी केसासारखी चीर उघडते. कटिंग करताना इंजिन माउंटवर हलतं, बूट ताणला जातो, चीर उघडते. मशीन टेबलावर ठेवली की चीर मिटते. ‘कामावर बिघडते, टेबलावर छान चालते’ ही तक्रार बऱ्याचदा इथली असते. माउंट फाटलेले असतील तर तेही सोबत बदला, नाहीतर नवा बूट लवकर जाईल.

सीलआधी बेअरिंग तपासा. फ्लायव्हील दोन बोटांत धरून वर-खाली करा. त्या दिशेने किंचितही खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं आहे, आणि नवं सील घातलं तरी आठवड्यात फाटेल. बेअरिंगसाठी क्रँककेस उघडावं लागतं. बेअरिंग आणि सिलिंडर दोन्ही गेले असतील तर मशीन सुट्या भागांसाठी ठेवा, दुरुस्तीचा हट्ट धरू नका.

क्लचच्या बाजूचं सील बदलायला क्लच काढावा लागतो आणि बहुतेक मशीनवर त्याचे आटे उलटे असतात. सैल करण्यासाठी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं; बहुतेक क्लचवर बाण कोरलेला असतो. क्रँक अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून जाड दोरी आत सोडा, पण पिस्टन वर येऊन एक्झॉस्ट पोर्ट झाकला गेल्यानंतरच. त्याआधी सोडली तर दोरी पोर्टमध्ये अडकून चेपते आणि रिंगलाही धक्का बसू शकतो. पोर्टमध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसून पिस्टन अडवणं म्हणजे नवा पिस्टन घेण्याची तयारी. जुनं सील काढण्याआधी ते किती खोल बसलंय हे मोजून ठेवा, नवं तेवढंच खोल बसवा, आणि शाफ्टच्या की-च्या खाचेवर पातळ टेप गुंडाळून मगच सरकवा. खाचेची धार नव्या सीलचा ओठ कापते.

कार्बचं किट याच वेळी बदलून टाका. वॉल्ब्रो, टिलॉटसन आणि झामा, जुन्या मशीनवर मुख्यत्वे हेच. कार्बच्या अंगावर कोरलेल्या नंबरावरून किट मिळतं. डायफ्रॅम कापडासारखा मऊ पाहिजे. बोटाने दाबल्यावर पत्र्यासारखा ‘टक’ आवाज करत असेल तर त्याला इम्पल्सचे हलके धक्के हलवू शकत नाहीत. बहुतेक कार्बमध्ये मीटरिंगच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) बाजूला आधी गॅस्केट आणि वर डायफ्रॅम, तर पंपाच्या बाजूला आधी डायफ्रॅम आणि वर गॅस्केट. हा क्रम उलटला की मशीन सुरूच होत नाही, म्हणून उघडताना फोटो काढा. नीडलची (पेट्रोल अडवणाऱ्या सुईची) पट्टी अनेक जुन्या कार्बमध्ये चेंबरच्या तळाशी समपातळीत असते, काहींत ठराविक खाली. त्या मॉडेलचं माप पाळा. ती उंच राहिली तर पेट्रोल तुंबतं, खाली गेली तर इंजिन उपाशी राहतं. भोकांत तार घालू नका, हवा आणि क्लीनर पुरे.

पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर आणि टाकीचा व्हेंट (हवा आत घेणारं भोक) ही स्वस्तातली कामं. पाच-सात मिनिटांनी मशीन दम टाकत असेल आणि टाकीचं झाकण सैल केल्यावर सावरत असेल तर व्हेंट तुंबला आहे. सायलेन्सर बाहेर आहेच, तर त्याची ठिणगीची जाळीही काजळीने बंद झालेली नाही ना ते बघून घ्या.

इग्निशनबद्दल फार लिहीत नाही, कारण लोक समजतात त्यापेक्षा ते कमी वेळा बिघडतं. प्लगचा गॅप ०.५ मिमी. कॉइल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकात साधारण ०.२५ ते ०.३ मिमी, म्हणजे एका व्हिजिटिंग कार्डाची जाडी. पॉइंट-कंडेन्सरची (इलेक्ट्रॉनिक नसलेल्या इग्निशनची) फार जुनी मशीन असेल तर पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४ मिमी. गरम असताना बंद पडली आणि तासाभराने आपोआप सुरू झाली तर कॉइल किंवा कंडेन्सरचा संशय घ्या, पण बंद पडल्या क्षणी टेस्टरने ठिणगी बघा. थंड झाल्यावर बघून काही कळत नाही.

पेट्रोल-ऑइल. आजच्या एफडी (जपानी जासो मानक) दर्जाच्या टू-स्ट्रोक ऑइलने ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. जुन्या मशीनवर १६:१ किंवा २०:१ छापलेलं दिसेल. ते त्या काळच्या ऑइलसाठी होतं. जुन्या मशीनला मी ४०:१ देईन. बोटीच्या इंजिनाचं, टीसी-डब्ल्यू३ छापाचं ऑइल घालू नका, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे. एक गोष्ट उलटी वाटेल: ऑइलचं प्रमाण वाढवलं की तेवढ्याच भोकातून पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण लीन होतं. प्रमाण बदललं की सेटिंग परत करायचं. इथेनॉल असलेलं पेट्रोल पाणी ओढतं आणि जुनं रबर खराब करतं, त्यामुळे महिनाभरात संपेल एवढंच मिसळा.

हे सगळं झाल्यावर आता स्क्रू. फिल्टर स्वच्छ, चेन धारदार, मशीन गरम. एल (कमी रेसचा) आणि एच (जास्त रेसचा) हे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बंद करून एक-एक फेरा उघडा; जोराने आवळले तर सुईचं टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. आधी एल: ज्या जागी आयडल सर्वांत जास्त चढतं ती शोधा आणि तिथून एक-अष्टमांश ते पाव फेरा उघडा. मग आयडलच्या स्क्रूने चेन थांबेल एवढी रेस खाली आणा, साधारण २५०० ते २८०० आरपीएम. ट्रिगर दाबल्यावर अडखळली तर एल किंचित उघडा.

एच कानाने लागतो. लाकूड न कापता फुल थ्रॉटल, तीन-चार सेकंदच. आवाज फाटका, बरबरता पाहिजे, म्हणजे अधूनमधून एक स्फोट चुकतोय असा. त्याच सेटिंगवर बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) लाकडात घातला की आवाज स्वच्छ आणि भरीव झाला पाहिजे. रिकामी असतानाच शिट्टीसारखी गायला लागली तर ती लीन आहे, लगेच एच उघडा. लाकडातही बरबरत राहिली तर थोडा बंद करा. टॅकोमीटर असेल तर त्या मॉडेलच्या कमाल आकड्याच्या थोडं खालीच थांबा. आयडल कमी असूनही चेन फिरत राहिली तर कार्बला दोष देऊ नका: क्लचची स्प्रिंग ताणली आहे किंवा ड्रममधलं नीडल बेअरिंग सुकलं आहे.

‘मशीनला ताकद नाही’ या तक्रारीचं कारण इंजिनापेक्षा बार-चेनमध्येच जास्त वेळा सापडतं. जुन्या मशीनवर आधीच्या मालकाने भलतीच चेन चढवलेली असणं नेहमीचं, म्हणून माप स्वतः घ्या. सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून दोनाने भागलं की पिच मिळतो. ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत फिरणाऱ्या कडीची) जाडी म्हणजे गेज: १.३, १.५ किंवा १.६ मिमी. १.३ ची चेन १.६ च्या बारमध्ये बसते खरी, पण डुलते आणि वाकडी कापते. पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या, तिन्ही बार आणि स्प्रॉकेटशी (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी) जुळली पाहिजेत.

गोल कानस पिचनुसार (पिच इंचांत): .३२५ ला ४.८ मिमी, ३/८ ला ५.२ किंवा ५.५, लो-प्रोफाइल ३/८ ला ४.०, .४०४ ला ५.५. चेनच्या वेष्टनावर दिलेलं माप सर्वांत खात्रीचं. कानशीचा साधारण एक पंचमांश भाग दाताच्या वरच्या पात्याच्या वर राहील अशी धरा, कोन बहुतेक चेनना ३० अंश, आणि दाताच्या आतून बाहेरच्या दिशेला ढकला. परत आणताना उचला. मागे घासल्याने कानस बोथट होते, दात नाही सुधरत. दगडाला लागलेल्या दाताचा बाहेरचा कोपरा उजेडात चमकतो. ती चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, मग बाकीचे दात त्याच लांबीचे करा. तीन-चार वेळा धार लावून झाली की दातापुढचा उंचवटा, म्हणजे डेप्थ गेज, चपट्या कानशीने उतरवा. बहुतेक चेनना तो दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. लोक एक तर याला कधीच हात लावत नाहीत, मग धारदार चेनही नुसती घासत राहते. नाहीतर अंदाजाने खूप उतरवतात, मग मशीन हिसके देते आणि किकबॅकचा (बार अचानक उसळून अंगावर येण्याचा) धोका वाढतो. मापाची पट्टी वापरा. धार बरोबर असेल तर जाड ढलप्या पडतात. पिठासारखा भुसा पडत असेल तर थांबून कानस काढा. दात ४ मिमी उरला की चेन संपली.

काप एका बाजूला वळत असेल तर मशीन लांब किंवा जास्त धारदार दातांच्या बाजूला ओढली जाते. नवी चेन घालूनही वळत असेल तर बार बघा. चेन चढवलेल्या बारच्या अंगाला सरळ पट्टी लावा: पट्टी दातांना टेकून बारपासून थोडी दूर राहिली पाहिजे. मधे फटच नसेल तर खाच रुंदावली आहे आणि चेन कलते. रेलच्या कडेला आलेली बर (धातूची खरखरीत कड) चपट्या कानशीने काढा, खाच आणि ऑइलचं भोक कोरून स्वच्छ करा, आणि धार लावाल तेव्हा बार उलटा फिरवून बसवा. स्प्रॉकेटवर ०.५ मिमी खोल खुणा पडल्या असतील तर बदला, झिजलेला स्प्रॉकेट नव्या चेनचा पिच लवकर खराब करतो. चेन ताणताना बारचं टोक वर उचलून धरूनच नट आवळा. गरम असताना ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करा, थंड होताना ती आकसते आणि क्रँकला ओढ बसते.

ऑइलर चालतो का हे बघायला बारचं टोक फिकट लाकडाच्या खुंटापासून वीतभर धरून रेस करा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची एक टाकी संपताना चेन ऑइलची टाकी जवळजवळ रिकामी, पण थोडी शिल्लक असावी. इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल वापरू नका. त्यातले धातूचे कण पंप खातात, आणि ते तुमच्या अंगावरही उडतं.

एका बाबतीत मी तडजोड सांगणार नाही. चेन ब्रेक नसलेली मशीन कितीही गोड चालत असली तरी कामाला वापरू नका. ब्रेक असेल तर त्याची पट्टी सर्वांत झिजलेल्या जागी ०.६ मिमीपेक्षा पातळ नको, आणि तिच्यात भुसा-तेलाचं लिंपण नको. फुल थ्रॉटलवर मनगटाने पुढच्या हँडलसमोरची ढाल पुढे ढकलली की चेन तत्क्षणी थांबली पाहिजे, आणि त्याच क्षणी ट्रिगर सोडा. नंतर इंजिन बंद करून, मागचं हँडल धरून बारचं टोक खुंटावर पडू द्या. नुसत्या झटक्याने ब्रेक लागला पाहिजे. मागच्या हँडलवरचं ट्रिगर-लॉक आणि खालचा चेन-कॅचर (तुटलेली किंवा निसटलेली चेन अडवणारा) जागेवर आहेत ना तेही बघा. जुन्या मशीनवर कॅचर बहुतेक वेळा तुटलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

महिन्याहून जास्त ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून, मशीन आयडलला बंद पडेपर्यंत चालवा. प्लग काढून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल आत सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, आणि कॉम्प्रेशन जाणवेल तिथे पिस्टन थांबवून ठेवा, म्हणजे पोर्ट झाकलेले राहतील. इनटेक बूट, सीलची जोडी, पेट्रोलची नळी आणि कार्बचं एक किट मिळतंय तोवर घेऊन ठेवा, पण बूट आणि सील मूळ कंपनीचे. नकली सिलिंडर कधी चालून जातो; नकली बूट मात्र वर्षभरात चिरतो आणि तुम्ही परत पंप-गेज घेऊन बसता.